कॉम्प्युटरला गेलेली सून

लाटंबार्से,
१६ नोव्हेंबर १९८६

चि. विनोदिनी हिला आशीर्वाद.

पुण्याला सुखरूप पोचल्याचे तुझे कार्ड काल मिळाले. साक्षी ठीक आहे. जेवते, झोपते, आणि दिवसातून एकदा तुझी निळी साडी मागून घेऊन तिच्यावर बसते. चार वर्षांचे पोर आहे, थोडे दिवस असे करायचेच. तू तिकडे रडत बसू नकोस.

गावात मी सांगितले आहे की तू केरीला माहेरी गेली आहेस, आईचा गुडघा दुखतो म्हणून. तुझ्या आईला तसे कळवून ठेव. नाहीतर ती पेडण्याच्या बाजारात तुरुतुरु चालताना कुणाला तरी दिसायची. गोकुळदास भावजींनाही हेच सांगितले आहे. माझे धाकटे दीर असले तरी तुझे मामंजी गेल्यापासून घराण्यात कर्ते पुरुष तेच, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच. विधवा सून यंत्राचे शिक्षण घ्यायला सहा महिने पुण्याला एकटी राहणार, हे ऐकले तर ते आधी गप्प बसतील आणि मग गप्प बसणार नाहीत. दोन्ही मला नको आहे.

विनायक गेल्याला परवा दोन वर्षे झाली. भटजींना बोलावले होते. पाळी गावच्या खाणवाल्यांनी त्याच्या मागे तुला कचेरीत खुर्ची दिली, तेव्हा मला वाटले, चला, पोरीला सावलीत बसायला तरी मिळाले. त्यापुढे माझी उडी नव्हती. मग यंदाच्या पावसाळ्यात मी तुझा विसरलेला डबा घेऊन आले, ते तुला आठवत असेल. कचेरीतल्या त्या यंत्राच्या खोलीबाहेर मला चपला काढायला लावल्या. आत गार वारा. देवळात असते तसेच सगळे, म्हणून मी हातही जोडले आणि तुमचे कारकून हसले. पण हसणारे सगळे दाराशी उभे होते. त्या यंत्रासमोर बसलेली तू एकटी. तुझी बोटे चालली, आणि बाजूच्या दुसऱ्या यंत्रातून कागद येऊ लागला, करवतीसारखा आवाज करत, आणि तो थांबेचना. कुठला ट्रक कुठल्या दिवशी खाणीची किती माती घेऊन जेटीवर गेला, ते सगळे त्याच्यावर. मी विचारले, याला हे कसे कळते? तू म्हणालीस, "मांय, मी शिकवते तसे ते करते."

मी जन्मभर बैलांना, दिरांना आणि एका नवऱ्याला शिकवून पाहिले. शिकवले तसे कुणी केले नाही. म्हणून खाणवाल्यांचे तुला पुण्याला पाठवायचे पत्र आले तेव्हा मी तुला जा म्हटले. दुसरे काही मोठे कारण नाही.

थंडीत डोक्याला बांधत जा.

तुझी मांय


लाटंबार्से,
९ जानेवारी १९८७

चि. विनोदिनी,

तुझी दोन पत्रे एकदम आली. इकडे रस्ते बंद होते. कोंकणी की मराठी, यावरून राज्य पेटले होते ते तू तिकडच्या पेपरात वाचलेच असशील. ठिकठिकाणी झाडे पाडून आडवी टाकली होती, बसगाड्या नव्हत्या. गोकुळदास भावजी मराठीच्या बाजूचे, ते डिचोलीच्या सभांना जातात. त्यांचा जावई मडगावचा, तो कोंकणीच्या बाजूचा. दिवाळीपासून सासरा आणि जावई एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत, आणि हे सगळे भांडण दोघेही कोंकणीतच करतात. भावजींनी मला विचारले, वहिनी, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मी म्हटले, मी पत्रे मराठीत लिहिते आणि माणसांवर ओरडते कोंकणीत, यातले काय बंद करू ते तुम्ही सांगा. त्यावर ते उठून गेले.

रस्ते बंद ही मला एका बाजूने सोयच झाली होती. सून का येत नाही म्हणून कुणी विचारले तर बोट दाखवायला रस्ता होता. पण केरीचा बाबली सुके बांगडे घेऊन सायकलवरून आला. पडलेल्या झाडांवरून सायकल खांद्यावर घेऊन आला म्हणे. आणि आमच्याच अंगणात, भावजींच्या देखत, त्याने विचारले की विनोदिनीचे पुण्याचे शिक्षण कसे चालले आहे.

भावजी दारात उभे राहिले, बसले नाहीत. घराण्याची लाज वगैरे बोलले. मी म्हटले, तुमचा पुतण्या गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होता की या पोरीचे आता कसे होणार. ते कसे होणार हेच शिकायला ती गेली आहे. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. घरात शांतता आहे, मला झोप चांगली लागते.

साक्षी आता पेज पचवते. गोवर नव्हता असे डॉक्टर म्हणाले. हे आधी कळवले नाही, कारण गाड्या नव्हत्या आणि तू चालत निघाली असतीस.

तू लिहितेस की वर्गात बाई तू एकटीच आहेस आणि मास्तर प्रश्न विचारताना तुझ्याकडे बघत नाहीत. मग तू न विचारता उत्तर दे.

मांय


लाटंबार्से,
३ जून १९८७

चि. विनोदिनी,

शनिवारी गोवा राज्य झाले. शाळेत झेंडा लावला, मुलांना पेढे दिले. साक्षीने दोन आणले, एक तुझ्यासाठी कागदात बांधून ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मी टाकून दिला. तिला सांगितले आहे की पोस्टाने पाठवला. विचारले तर गोड होता म्हण.

तू मे महिनाभर इथे होतीस. जाताना आपण दोघी जे बोललो नाही ते आता लिहिते. त्या पुण्याच्या नव्या कंपनीने तुला नोकरीवर बोलावले आहे. तू म्हणालीस, नको, पाळीची जागा कायमची आहे, संध्याकाळी घरी येता येते, साक्षी लहान आहे. भावजी भिंतीपलीकडे खोकत होते, म्हणून मी तेव्हा मान हलवली. ती मान खरी धरू नकोस.

मी महिनाभर तुला पाहत होते. तू दुपारची बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर बसायचीस, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत. एकदा चुलीवर भात लागला. वास सगळ्या घरात सुटला आणि तुला पत्ता नाही. मी रागाने बाहेर आले. तुझा चेहरा पाहिला आणि दारातच थांबले. तुझे डोळे उघडे होते, पण अंगणातले काही त्यांना दिसत नव्हते. ओठ जरा हलत होते. मग तू एकदम हसलीस, स्वतःशीच, आणि भरभर लिहू लागलीस. मला तुला हाक मारायचे धैर्य झाले नाही. पन्नाशीला आलेली बाई मी, तुझी सासू, आणि स्वतःच्या घरात पाय न वाजवता मागे फिरले. लागलेला भात मी खाल्ला.

माणसाच्या डोक्यात असे काही चाललेले मी आधी कधी पाहिले नव्हते. ते पाहिल्यावर तुला पाळीच्या कचेरीत ट्रक मोजत बसवायचे, हे माझ्याने होणार नाही.

साक्षीला सध्या इथेच ठेव. खोली मिळेपर्यंत, बस्तान बसेपर्यंत. मी तिला तुझी ओळख विसरू देणार नाही. हे वचन देते आहे, मला वचने द्यायची सवय नाही.

खाणीच्या साहेबांना राजीनामा मराठीत लिहिलास तरी चालेल, त्यांना वाचता येते.

मांय


लाटंबार्से,
२० मे १९९०

चि. विनोदिनी,

आम्ही दोघी कदंबाच्या बसने नीट पोचलो. साक्षीला घाटात दोनदा उलटी झाली. फणस पिकले आहेत, भावजींनी आमच्या वाटणीचाही एक उतरवून ठेवला होता. ते आता माझ्याशी बोलतात.

पुण्यात आठ दिवस राहिले, पण जे बोलायचे ते तिथे बोलता आले नाही. तुझ्या कचेरीतल्या त्या दुपारबद्दल लिहिते.

तू मला कोपऱ्यात बसवले होतेस. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या अभिजीतने स्वतःची खुर्ची आणून दिली. कोल्हापूरचा मुलगा आहे, बोलणे मोकळे. मी त्याला विचारले की तुम्ही विकता काय? तो म्हणाला, आई, आम्ही कारखान्यांचा पगार मोजणारी, मालाचा हिशेब ठेवणारी कामे विकतो, त्याच्यावर आमचे पोट चालते. आणि हे विनोदिनीचे जे आहे, त्याचे कुणी काही देत नाही. तेवढ्यात फोन वाजला.

तू फोन कानाला धरून बटणे दाबलीस. पडद्यावर हिरवी अक्षरे आली. तू कुठल्या तरी हॉस्पिटलचे नाव सांगितलेस, नदीपलीकडचे, आणि म्हणालीस, तिथे दोन बाटल्या आहेत, मी त्यांना बाजूला ठेवायला सांगते, तुमचा माणूस निघू दे. एवढेच. मग सगळ्यांनी चहा घेतला. तासाभराने परत फोन आला. बाळंतीण वाचली, असे तू म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस.

मी अभिजीतला विचारले, तेव्हा त्याने समजावून सांगितले. रोज सकाळी सहा हॉस्पिटले आपल्याकडे कुठले रक्त किती आहे ते टेलिफोनच्या तारेवरून तुमच्या यंत्राला सांगतात. कुणाला कुठले लागले तर ते कुठे आहे हे यंत्र सांगते. आधी नातेवाईक रिक्षा करून दारोदार फिरायचे. हे तू एकटीने लिहिलेस, सुट्टीच्या दिवशी येऊन, दोन वर्षे. हॉस्पिटलांना पटवायलाही तूच फिरलीस.

विनायकाचा टिप्पर पाळीच्या उतारावर उलटला तेव्हा तो शुद्धीवर होता. हॉस्पिटलात नेले तेव्हाही बोलत होता. त्याच्या गटाचे रक्त तिथे नव्हते. दुसरीकडे होते. पण कुठे, ते कळायला दुपार झाली, आणि तोवर तो गेला. कुणाचीही चूक नव्हती. मी सहा वर्षे स्वतःला तेच सांगत आले. नशीब म्हटले आणि गप्प बसले. तू माझ्या शेजारी हॉस्पिटलातल्या बाकावर बसली होतीस. तू नशीब म्हटले नाहीस. तू जाऊन हे केलेस.

मी कपबशी खाली ठेवली. त्या बाळंतिणीचे नाव मला कळले नाही. तिच्या घरी त्या दिवशी देवाचे नाव घेतले असेल, डॉक्टरचे घेतले असेल. तुझे कुणी घेतले नाही, कारण तू कोण हे त्यांना ठाऊक नाही. आणि तू चहा पिऊन पगाराच्या कामाला लागलीस. मी तुझ्याकडे नुसती बघत राहिले. ही आमच्या घरात राहिली, माझ्या हाताखाली भाकरी भाजायला शिकली, आणि मी हिला वाढताना कधी बुडाचा लागलेला भात वाढला असेल, कधी वरचा. असे काहीतरी मनात येत होते.

साक्षी तुझ्याजवळ फारशी आली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, मी पाहुणी आहे, गोव्याहून आले. आठ वर्षांची मुले काहीही बोलतात.

तुझा चहा गार होऊ नये म्हणून तो अभिजीत त्याच्यावर बशी झाकून ठेवतो. मी पाहिले.

मांय


लाटंबार्से,
११ ऑगस्ट १९९२

चि. विनोदिनी,

पत्र मिळाले. अभिजीत चांगला माणूस आहे. तू चौतीस वर्षांची आहेस. माझी संमती मागितलीस, ती माझ्याकडे मागायची गोष्ट नव्हे, पण मागितलीस म्हणून देते.

साक्षीला लग्नानंतर घेऊन जाण्याचे लिहिलेस. मी तिला तुझे पत्र वाचायला दिले. तिने वाचून परत घडी घातली आणि म्हणाली, "हांव वचची ना." नंतर गुरांना पाणी दाखवायला गेली. मी शिकवले म्हणून ती जाणार नाही म्हणाली, असे नाही. हे तू मानावेस असे मला वाटते.

लग्नाला येणे जमणार नाही. बेणणीचे, तण काढायचे दिवस आहेत.

सुलोचना


लाटंबार्से,
७ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. विनोदिनी हिला आशीर्वाद.

तीन वर्षांवर होऊन गेली. तुझ्या मनिऑर्डरी साक्षीच्या नावे येत राहिल्या, त्यांच्या पावत्यांवर मी सह्या करत राहिले. एवढाच आपला पत्रव्यवहार. मी लिहिले नाही, तूही लिहिले नाहीस, तेव्हा कुणी कुणाला बोलायचे नाही.

गेल्या आठवड्यात गोकुळदास भावजी पेपर घेऊन धावत आले. त्यांना आता दमा आहे, धावू नये. आत तुझा फोटो. कंपनीची प्रमुख झालीस. बाजूला उभा असलेला अभिजीत, तो आता तुझ्या हाताखाली काम करतो असे लिहिले आहे, आणि फोटोत तोच जास्त हसतो आहे. सहाशे माणसे. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची कामे, तिथे रात्र होते तेव्हा इथली पोरे उठून त्यांची यंत्रे सांभाळतात म्हणे. आणि खाली एक ओळ, की रक्ताची ती व्यवस्था आता अकरा शहरांत चालते आणि कंपनी तिचे काही घेत नाही. भावजींनी तो कागद कापून त्यांच्या मेजावरच्या भिंतीला चिकटवला. येणाऱ्याला सांगतात, ही आमची सून. लाज शब्द ते विसरले, मी आठवण करून दिली नाही.

मी तो पेपर ओसरीत बसून वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. सहाशे माणसांचे पोट तू चालवतेस. मला इथे चार गडी आणि काजूचे बोंडू गोळा करणाऱ्या सहा बायका सांभाळताना तोंडाला फेस येतो. त्यातली एक रुसली तर दुसरीही रुसते. सहाशेंचे रुसवे तू कसे काढतेस? लोक तुझे ऐकतात ते भीतीने, की तू त्या दुपारी बाळंतिणीसाठी बोललीस तशी हळू बोलतेस म्हणून? मला खरेच कळून घ्यायचे आहे.

साक्षी पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण करील. तिने तो पेपर पाहिला. ज्या दिवसापासून तो भिंतीवर लागला, त्या दिवसापासून तिला भावजींच्या घरात काहीतरी काम निघते.

ती अभ्यासात कशी आहे हे मी लिहिणार नाही. तू येऊन बघ. गाडी पाठवू नकोस, वस्तू पाठवू नकोस, अभिजीतला आधी बोलणी करायला पाठवू नकोस. तू ये. आणि दोन दिवसांची पाहुणी म्हणून येणार असशील तर राहू दे. बोंडवांच्या दिवसांत ये, तेव्हा घरात सगळ्यांना काम असते आणि कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही.

मांय


लाटंबार्से,
२८ एप्रिल १९९६

चि. सौ. विनोदिनी,

तू गेल्यावर साक्षीने तुझे अंथरूण दोन दिवस उचलू दिले नाही. हे तुला कळावे म्हणून लिहिते, तिला सांगू नकोस.

पहिले चार दिवस ती तुझ्याशी बोलली नाही. मी मध्ये पडले नाही, कारण मला मध्ये पडता येते हेच मला ठाऊक होते आणि त्याचाच मला धाक होता. मग पाचव्या दिवशी बायका कमी आल्या आणि तू पदर खोचून बोंडू तुडवायला उतरलीस. सहाशे माणसांची साहेबीण गुडघ्यापर्यंत रसात. साक्षी आधीपासून तिथे होती. तुम्हाला वाटले की मी भाटीच्या जाळाजवळ हुर्राकाची दारू गाळायच्या नादात आहे. जाळाजवळ होतेच, पण कान शाबूत आहेत.

तिने तुला विचारले, तुडवता तुडवता, तोंड वर न करता, "तू मला टाकून का गेलीस?"

माझा हात लाकडावर तसाच राहिला. मला वाटले, आता तू सांगशील की तुझ्यासाठी गेले, तुझ्या शिक्षणासाठी, घरासाठी. आम्ही सगळ्यांनी तिला दहा वर्षे तेच सांगितले. मीसुद्धा.

तू म्हणालीस, "मला ते काम आवडायचं म्हणून. तेवढं दुसरं काही मला कधी आवडलं नव्हतं. कुणी मला घालवलं नाही, साक्षी. मी गेले."

ती थांबली. "आणि मी?"

"तू सोडून इथे मला परत ओढणारं काही नव्हतं. तू ओढत होतीस आणि तरी मी गेले."

मग साक्षी म्हणाली की तू चुकीचे तुडवतेस, टाच आधी टाकायची. आणि तुझा हात धरून दाखवले.

विनोदिनी, मी तुला पडद्यावर अक्षरे आणताना पाहिले, फोनवर माणूस वाचवताना पाहिले, पेपरात पाहिले. पण त्या दिवशी मला तुझे जे वाटले, ते त्याच्याही वर. चौदा वर्षांच्या पोरीसमोर, तिला गमावायची भीती असताना, तू स्वतःला झाकले नाहीस. माझ्याने ते झाले नसते. मी झाकले असते, छान झाकले असते, तुला माझा स्वभाव माहीत आहे. तुझ्या त्या मोठ्या कचेरीत लोक तुझे का ऐकतात, हे मी विचारले होते. आता नको सांगूस.

अभिजीतला आणायला हरकत नाही. त्याला फणस चालतो का ते कळव.

मांय


लाटंबार्से,
२ जानेवारी २०००

चि. सौ. विनोदिनी,

काल तुझा फोन आला तेव्हा भावजींच्या घरात सगळेच भोवती होते, म्हणून मी हूं हूं करत राहिले. तू म्हणालीस, "मांय, सगळं ठीक आहे, काहीच झालं नाही," आणि तुझा आवाज फुटला. तीन वर्षे तू नीट झोपली नाहीस हे अभिजीतने मला गणपतीला आला तेव्हा सांगितले होते. यंत्रांना दोन हजार साल कळणार नाही, ती शंभर वर्षे मागे जातील, आणि त्यांच्यावर चालणारे सगळे थांबेल, असे पेपरात यायचे. तुझ्याकडे हॉस्पिटलांची यंत्रे. कुठल्या देशातले कुठले हॉस्पिटल, किती खाटा, मला कल्पनाही करता येत नाही. त्या सगळ्या यंत्रांना शिकवलेल्या ओळी तुम्ही एकेक करून तपासल्या. ज्या दिवशी सगळे जग नाचत होते त्या दिवशी तुझी माणसे घड्याळाकडे बघत बसली होती.

इथे गोकुळदास भावजींनी महिनाभर तयारी केली होती. कंदिलांत रॉकेल भरले, हंडे भरले, तांदूळ आणून ठेवले, आणि देवळात सगळ्यांना बजावून आले की माझ्या सुनेच्या खात्यातली गोष्ट आहे, मला आतले ठाऊक आहे. काल सकाळी उठून त्यांनी बटण दाबले. दिवा लागला. फोन उचलला, तो चालू. दूधवाला आला. पणजीहून बस आली. दुपारपर्यंत ते चांगलेच खट्टू झाले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "एवढा गाजावाजा केला, आणि झाले काय? काही नाही. लोकांना उगाच घाबरवले या कॉम्प्युटरवाल्यांनी."

साक्षी वाढत होती. पळी आमटीत ठेवून ती म्हणाली, "आजोबा, काही झालं नाही, हेच तिनं केलं."

आवाज चढवला नाही. पण भावजी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मीही. ती सतरा वर्षांची आहे, उभी राहिली की विनायकाची उंची, आणि बोलताना मान तुझ्यासारखी एका बाजूला. तुझ्याबद्दल 'तिनं' म्हणाली, पण ज्या तऱ्हेने म्हणाली ते तू ऐकायला हवे होतेस. मग तिने आम्हाला समजावून सांगितले, दोन आकड्यांची साले म्हणजे काय, यंत्र चुकले असते तर औषध देणाऱ्या पंपाचे काय झाले असते, रक्ताच्या बाटलीवरची तारीख कशी उलटी वाचली गेली असती. तिला सगळे ठाऊक. कुणी शिकवले, मी विचारले नाही. भावजींनी शेवटी विचारले की असे किती लोक वाचले असतील. ती म्हणाली, ते कधीच कळणार नाही, कारण त्यांना काही झाले नाही.

मी उठून मागच्या दारी जाऊन बसले. उन्हात कोंबड्या होत्या, माड होते, पलीकडे पाळीच्या बाजूला नेहमीसारखी लाल धूळ. सगळे जिथल्या तिथे. मी ते जन्मभर पाहत आले आहे, पण काल ते बघताना अंगावर काटा आला. हे असे जिथल्या तिथे राहावे म्हणून कुठेतरी माणसे बसलेली असतात, हे मला कधी सुचले नव्हते. आणि त्यातली एक माझ्या घरातून गेली.

आता मुख्य गोष्ट. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, आणि साक्षीला पुण्याला यायचे आहे. शिकायला, तुझ्याकडे राहून. तिने काल संध्याकाळी मला सांगितले आणि बजावले की तुला कळवायचे नाही, कारण ती स्वतः विचारणार आहे आणि तू नाही म्हणालीस तर ते फक्त तिला ठाऊक असावे. येत्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी ती फोन करील. डिचोलीला जाऊन, आजोबांच्या घरून नव्हे, म्हणजे कुणी ऐकायला नको.

तेव्हा तू हे पत्र वाचलेले नाहीस. ती विचारील तेव्हा तिला पूर्ण बोलू दे, मध्ये रडू नकोस. आणि रविवारी कुठे जाऊ नकोस, अमेरिकेचा फोन आला तरी.

मांय